पेटीबाहेरचा बिघाड

ऑफिसात त्याला सगळे तारमास्तर म्हणत. उमेदीची वर्षं त्याने टेलिफोनच्या तारांची वेटोळी खांद्यावर टाकून लोकांच्या कचेऱ्या पालथ्या घालण्यात काढली होती. मग एकदा शिडी सटकली, गुडघा कामातून गेला, आणि कंपनीने त्याला फिरतीवरून उचलून देखरेखीच्या खोलीत बसवलं. कंपनीचं काम दुसऱ्यांची टेलिफोन एक्स्चेंजं सांभाळायचं. कारखाने, इस्पितळं, हॉटेलं, जिथे जिथे शेदोनशे फोन एका कपाटातून चालतात, त्या सगळ्या कपाटांची दुखणीखुपणी या खोलीत येऊन पडत.

ही कपाटं मोठी शहाणी. आपली नाडी आपणच बघायची, काही बिघडलं की त्याची नोंद करायची, आणि नोंद करतानाच मोठा, किरकोळ की नुसता इशारा, अशी त्याची प्रतही लावून ठेवायची. नवीन माणूस कामावर आला की तारमास्तर त्याला समोर बसवून हे समजावून सांगे. सांगताना त्याला फार बरं वाटे.

"मोठा बिघाड म्हणजे घराला आग. निम्मं ऑफिस मुकं झालेलं असतं. गिऱ्हाइकाच्या आधी कपाटच आपल्याला फोन करतं. किरकोळ म्हणजे चार-दोन लाइनी गेल्या. तेही कळवतं, पण बोंब मारत नाही. आणि इशारा म्हणजे नुसती कुरकुर. एखादा फोन उत्तर देत नाही, एवढंच. ते कपाट आपल्यापाशीच लिहून ठेवतं, कारण निम्म्या वेळा झाडताना कुणीतरी वायर उपटलेली असते. अजून एक. बिघाड पेटीतला की पेटीबाहेरचा, हे आधी बघायचं. पेटीतला म्हणजे कपाटाच्या पोटातला, तो त्याला स्वच्छ दिसतो. पेटीबाहेर तार आहे, सॉकेट आहे, फोन आहे, त्यातलं त्याला अंदाजपंचे कळतं. तिथे आपला माणूस धाडायचा."

आणि शेवटी, हात झटकून, "राहता राहिल्या तक्रारी. त्या कपाट करत नाही, माणसं करतात. आवाज बारीक येतो, खरखर येते, मधेच तुटतो. कपाटाला विचारावं तर ते म्हणतं सगळं ठीक. अशा वेळी विश्वास कपाटावर ठेवायचा. ते खोटं बोलत नाही."

पंपांच्या कारखान्याची तक्रार पहिल्यांदा आली, तेव्हा त्याने तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. फोन जोडून द्यायच्या बोर्डावर आवाज कमी येतो, असं ऑपरेटरने कळवलं होतं. ऑपरेटर म्हणजे त्याचीच बायको. ती त्या कारखान्याच्या दारातल्या काचेच्या खोलीत लग्नाआधीपासून बोर्डावर बसत होती. सगळा कारखाना तिला ताई म्हणायचा. तक्रार नेहमीच्या रांगेत लागली, त्या भागात फिरणारा माणूस गेला, 'साफसफाई केली, ठीक' असं लिहून त्याने ती बंद केली. प्रत: इशारा. जागा: पेटीबाहेर.

हा फिरणारा माणूस म्हणजे कुरळ्या. डोक्यावर केसांचं टोपलं, ओठांवर कायम कसली तरी शीळ, लग्न व्हायचं होतं. गिऱ्हाइकांमध्ये त्याच्यासारखा लाडका कुणी नव्हता. जाईल तिथे त्याला चहा मिळे, आणि चहा घेतल्याशिवाय तो उठत नसे.

थोड्या दिवसांनी तीच तक्रार परत आली. मग परत. दरवेळी कुरळ्याच गेला आणि दरवेळी त्याने तेच लिहिलं, कधी साफसफाई, कधी ढिला संपर्क. तारमास्तरने आपल्या खुर्चीवरूनच कारखान्याच्या कपाटाला चाचणी लावली. बोर्डाची लाइन ठणठणीत. कपाटातलं त्या लाइनीचं कार्ड ठणठणीत. ढिला संपर्क असता तर चाचणीत कुठेतरी दिसला असता.

"काय होतं रे पंपवाल्यांकडे?" त्याने कुरळ्याला विचारलं.

"काही नाही दादा. ढिला संपर्क."

"चाचणीत दिसत नाही."

कुरळ्याने डोक्यातल्या टोपल्यात बोटं घातली. "कधीकधी नाही दिसत. पेटीबाहेरचं असतं ना." आणि हत्यारांची पिशवी उचलून तो चालू लागला. शीळ मात्र त्या वेळी बंद होती.

तारमास्तरच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. संध्याकाळी घरी बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती, नळ चालू होता. तो दारातूनच म्हणाला, "काय, बोर्ड कुरकुरतोय म्हणे तुझा?"

ती काही बोलली नाही. त्याने पुन्हा विचारलं. तरी नाही. मग तिने नळ बंद केला, वळली, आणि तो उभा आहे हे पाहून केवढी तरी दचकली. "कधी आलात? काय म्हणालात?"

"बोर्ड कसा आहे?"

"बोर्डाला काय धाड भरलीय? चांगला आहे की." एवढं बोलून तिने पदराला हात पुसले आणि दुसऱ्याच विषयावर गेली.

आता खरं म्हणजे इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तारमास्तरवर अन्याय होईल. या दोघांचं लग्न जमलं तेच मुळी त्या बोर्डामुळे. तेव्हा तो तरणाबांड होता, ती नवीन लागलेली. जुना बोर्ड दुरुस्त करायला गेला आणि तिचा आवाज ऐकून तिथेच घोटाळला. निघताना त्याने एक स्क्रू अर्धा फेर सैल करून ठेवला. दोन दिवसांनी कारखान्याने पुन्हा बोलावलं. असे किती स्क्रू त्याने सैल केले आणि किती वेळा घट्ट केले, ते त्याचं त्यालाच ठाऊक. बायकोला लग्नानंतर सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. म्हणजे खोट्या बिघाडाचं काय काय होऊ शकतं, हे त्याला पुस्तकात वाचावं लागत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

एकदा बघायला लागलं की दिसत जातं. त्याला दिसू लागलं. बायकोने पलंगावरची बाजू बदलली होती, म्हणे खिडकीची हवा लागते. रस्त्याने चालताना ती मधेच मागून वळसा घालून त्याच्या दुसऱ्या अंगाला येई. धाकट्या बहिणीचा फोन आला की गॅलरीत जाई, दार ओढून घेई आणि भिंतीकडे तोंड करून उभी राही. टीव्ही एवढा मोठा लावी, की त्याला वाटे हिला आपलं बोलणं ऐकायचंच नाहीये. तो काही सांगत असला तर भलत्याच ठिकाणी हसे, किंवा नुसतीच "हो ना" म्हणे. पर्समध्ये कसली तरी चपटी बाटली होती. तो खोलीत आला की पर्स मिटे.

सगळ्यात वाईट म्हणजे तिची नजर. इतकी वर्षं ती त्याच्या डोळ्यांत बघून बोलत आली होती. आता तो बोलू लागला की तिचे डोळे खाली घसरत, कुठेतरी त्याच्या हनुवटीच्या आसपास अडकून राहत. डोळ्याला डोळा देत नाही ती बाई, असं त्याची आई कुणाकुणाबद्दल म्हणायची, ते त्याला आठवे.

त्याने ताकास तूर लागू दिली नाही. विचारायचं तर काय विचारणार? आपल्यापेक्षा इतक्या लहान पोराचं नाव बायकोसमोर घ्यायची त्याला लाज वाटे. तो केस बारीक कापून आला, नवा शर्ट घेतला, गुडघ्याचा पट्टा विजारीखाली दिसणार नाही असा बांधू लागला. बायकोने शर्ट बघून "छान आहे" म्हटलं. त्यावरही तो रात्रभर विचार करत राहिला, की ही एवढ्या लगेच छान का म्हणाली.

एका दुपारी पंपवाल्यांची तक्रार पुन्हा आली. कुरळ्या पिशवी घेऊन निघाला. तारमास्तरने जेवणाची सुट्टी घेतली आणि रिक्षा करून तोही निघाला.

कारखान्याच्या फाटकासमोर टायरवाल्याचं दुकान होतं. तिथे टायरांच्या थप्पीआड उभं राहिलं की काचेची खोली समोर दिसते, हे त्याला तरुणपणापासून माहीत होतं. बायको बोर्डापुढे बसली होती. कुरळ्या तिच्या मागे उभा होता, अगदी जवळ. त्याने तिच्या डोक्यावरचा हेडफोन हलक्या हाताने बाजूला केला, वाकला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाला. तिने मान हलवली. तो दुसऱ्या बाजूला गेला, पुन्हा वाकला, पुन्हा काही म्हणाला. या वेळी ती हसली, आणि हसता हसता पदराने डोळे टिपू लागली. कुरळ्याने तिच्या खांद्यावर थोपटलं.

"टायर बघायचेत का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही," तारमास्तर म्हणाला. तो रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेला.

ऑफिसात परतल्यावर त्याने पाणी प्यायलं, खुर्चीत बसला आणि फिरतीचं वेळापत्रक उघडलं. कुणाला कुठे धाडायचं हे त्याच्या हातात होतं. कुरळ्याला त्याने पलीकडच्या इस्पितळांच्या भागात टाकलं आणि पंपांचा कारखाना फूटपट्टीच्या नावावर केला. फूटपट्टी म्हणजे त्यांच्यातला एक सडपातळ, ताठ मानेचा इंजिनिअर. गिऱ्हाइकाकडे पाणीसुद्धा घेत नसे. जे दिसलं ते लिहायचं, नाही दिसलं तर दिसलं नाही असं लिहायचं, यापलीकडे त्याला तिसरी गोष्ट माहीत नव्हती. तारमास्तरने त्याच्यासाठी खाली एक ओळ घातली: 'तक्रार वारंवार येते. मूळ कारण शोधून अहवालात स्पष्ट नोंदवावे.'

त्याचा हिशेब साधा होता. फूटपट्टी जाईल, बोर्डात काहीच नाही असं लिहील. अहवालाची प्रत नियमाप्रमाणे कारखान्याला जाईल. उगीच तक्रारी करते म्हणून साहेब तिला चार शब्द सुनावतील, कुरळ्याचं येणं-जाणं तुटेल, आणि आपल्याला तोंड उघडायला लागणार नाही. साप मेला पाहिजे पण काठी मोडता कामा नये.

दुसऱ्या दिवशी कुरळ्या टेबलाशी आला. "दादा, पंपवाल्यांकडे मीच जात राहिलो तर?"

"का? तिथे तुझं काय पुरलंय?"

"तसं नाही. मला तिथली सवय आहे."

"तेच म्हणतो. फार सवय झालीय."

कुरळ्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "निदान फूटपट्टीला नका धाडू," तो हळूच म्हणाला.

यावर तारमास्तरची उरलीसुरली शंकाही फिटली. डाळीत काही काळं असतं तरच माणूस असा गयावया करतो, असं तो मनाशी म्हणाला आणि समोरचा संगणकाचा पडदा बघू लागला.

तक्रार आली. फूटपट्टी गेला. त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. त्याने बोर्ड बदलून पाहिला, हेडफोन बदलून पाहिला, मीटर लावून आवाजाची पातळी मोजली, वायर खोलीपासून कपाटापर्यंत हाताने चाचपली. मग तिथूनच अहवाल पाठवला. तारमास्तरने तो चहाचा कप हातात धरूनच उघडला.

'उपकरणात कोणताही दोष नाही. नवीन बोर्ड व नवीन हेडफोन लावूनही तक्रार कायम. ऑपरेटरशी दोन्ही बाजूंनी बोलून खात्री केली. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने कमी येते. जुन्या हेडफोनमध्ये आमच्या माणसाने आवाज वाढवणारा जोड परवानगीशिवाय बसवलेला आढळला, तो काढला. बिघाड आमच्या कक्षेबाहेरचा आहे. तक्रार बंद.'

त्याने ते वाचलं. परत वाचलं. पलंगाची बाजू, रस्त्यात मागून घातलेला वळसा, गॅलरीचं ओढलेलं दार, कानाच्या थेंबांचीच असणार ती चपटी बाटली, सगळं एकामागोमाग एक त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं. डोळ्याला डोळा देत नव्हती, कारण ती ओठ वाचत होती. त्याचे ओठ! नवरा काय म्हणतोय ते कळावं म्हणून.

त्याने धडपडत अहवाल थांबवायला बघितलं. प्रत केव्हाच गेली होती. मग कारखान्याला फोन लावला. उचलला तो कुणीतरी कोवळ्या आवाजाच्या मुलीने.

"ताई आहेत का?"

"ताईंना साहेबांनी आत बोलावलंय. बोर्डावर मी आहे. आपण कोण?"

त्याने न सांगताच फोन ठेवला.

कुरळ्या मागच्या खोलीत इस्पितळासाठी वायरी मोजत होता. तारमास्तर दारात जाऊन उभा राहिला. "तुला माहीत होतं."

कुरळ्याने वर पाहिलं, आणि काय झालं असेल ते ओळखलं. "लिहिलं त्याने?"

"सगळं. तिने सांगितलं होतं तुला?"

"छे. मीच ओळखलं. माझी आई मी शाळेत असताना अशीच होत गेली. मी बोलायला लागलो की ती अशी तोंडाकडे बघायची." त्याने वायर खाली ठेवली. "पहिल्या दिवशी ताईंना विचारलं तर कानावर हात ठेवले त्यांनी. मग रडल्या. मी म्हटलं, आवाज थोडा वाढवून देतो, तोवर डॉक्टरांना दाखवा. जोड लावला, दर वेळी जरा जरा वाढवत गेलो. कुठला कान किती चालतो ते बघायला दोन्ही बाजूंनी आकडे बोलून बघायचो. हसायच्या त्या. म्हणायच्या, शाळेतल्यासारखं वाटतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाल्या. शपथ घातली. का, ते त्यांनाच विचारा." मग त्याने विचारलं. "दादा, पण तुम्ही मला तिथून का काढलंत?"

तारमास्तर खाली ठेवलेल्या वायरीकडे बघू लागला. कुरळ्या त्याच्याकडे बघत राहिला. आधी त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मग हळूहळू त्याला उमगलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"ताई म्हणतो मी त्यांना," एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा वायरी मोजायला लागला.

तारमास्तर घरी पोचला तेव्हा ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. चपला पायांतच होत्या, पर्स मांडीवर. दिवा लावलेला नव्हता. त्याने लावला, तेव्हा तिने मान वर केली.

"साहेब चांगले बोलले," ती म्हणाली. "ओरडले नाहीत. म्हणाले, रजा घ्या, कान दाखवा, मग बघू. ती रिसेप्शनवरची पोरगी बसवलीय बोर्डावर. उद्यापासून येऊ नका म्हणाले." तिने पर्स मांडीवरून बाजूला ठेवली. "तुमच्याकडूनच गेला ना तो कागद? कुरळ्या का नाही आला या वेळी?"

इथे तारमास्तरला गप्प बसता आलं असतं. अहवालावर फूटपट्टीचं नाव होतं, वेळापत्रक काय रोजच बदलतं. त्याच्या मनात ते येऊनही गेलं. तो तिच्या उजव्या बाजूला उभा होता. तिथूनच, भिंतीकडे बघत, तो पुटपुटला. तिने ऐकलंच नाही. समोर येऊन, स्टूल ओढून, तिच्या पुढ्यात बसून, तोंड वर करून ते सांगावं लागलं.

"मीच बदललं त्याला. मला वाटलं, त्याचं नि तुझं काहीतरी आहे."

तिचे डोळे त्याच्या ओठांवर होते. ते तिथून हलले नाहीत.

"परत म्हणा," ती म्हणाली.

त्याने परत म्हटलं. पहिल्यांदापेक्षा हे कितीतरी जड गेलं.

"मला वाटलं नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "नीटच आलं होतं."

मग त्याने विचारलं, खरं म्हणजे विचारायचा त्याला हक्क उरला नव्हता तरी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या वडिलांना कमी ऐकू यायला लागलं होतं, तेव्हा तुम्ही जेवताना काय करायचात?"

त्याला आठवलं. तो नुसते ओठ हलवायचा, आवाज न काढता. वडील शहाण्यासारखी मान डोलावून "बरोबर आहे" म्हणायचे, आणि सगळी पंगत खो खो हसायची. वडीलही हसायचे, कशाला ते न कळता.

"मीही हसायचे," बायको म्हणाली. "आठवलं की अंगावर काटा येतो. आज त्या जागी मी आहे, आणि तुम्ही ओठ हलवताय, आणि मी मान डोलावतेय. काय सांगणार होते तुम्हाला?"

ती उठली. आत जाऊन एका पिशवीत चार कपडे भरले आणि बहिणीला फोन लावला. या वेळी गॅलरीत गेली नाही. त्याच्यासमोरच उभी राहून, मोठ्याने, "मला न्यायला ये" म्हणाली.

मेहुणी आली ती वादळासारखी. दारातच तिने त्याची हजेरी घेतली. "भावजी, तुम्हाला सगळ्या गावाच्या फोनमधला बिघाड कळतो, आणि घरात बायको दोनदा हाक मारून ओ देत नाही, ते कळलं नाही? आणि कळलं तर हे कळलं? साप साप म्हणून भुई धोपटलीत की नाही!" तो ऐकून घेत राहिला. ऐकण्यासारखंच होतं.

ती बहिणीकडे राहिली. कान तिने बहिणीबरोबरच दाखवले, त्याला नेलं नाही. उजव्या कानाची नस गेली होती, ती परत येणार नव्हती. डाव्याला मशीन लावून बरंच ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं त्याला मेहुणीच्या नवऱ्याकडून कळे. त्याने भेटायला यायचं म्हटलं की निरोप येई, आधी त्या पोराची माफी मागा, चार लोकांत.

त्याने मागितली. चहाच्या वेळी, सगळे जमलेले असताना. "मी याच्यावर भलता संशय घेतला आणि त्यापायी याची फिरती बदलली. चूक माझी," असं तो उभ्याने म्हणाला. कसला संशय, हे कुणी विचारलं नाही, कारण कुणाला विचारायची गरज पडली नाही. फक्त फूटपट्टी म्हणाला, "पण परवानगीशिवाय जोड बसवला होता, ते खरंच आहे." कुरळ्या म्हणाला, "हो, ते खरं आहे," आणि चहा संपवला. नंतरही तो तारमास्तरला दादाच म्हणे. पण पूर्वी टेबलाच्या कडेवर बसून गप्पा मारायचा, ते काही तो पुन्हा करेना.

कारखान्याच्या साहेबांना भेटायला बायको एकटी गेली. कानात मशीन घालून, केस मागे घट्ट बांधून, ते दिसेल असं. बोर्डाला आवाज वाढवणारा जोड लावता येतो, तो रीतसर मागवा, असं तिने सांगितलं. महिनाभर बघू, असं साहेब म्हणाले. अर्जावर तारमास्तरच्या कंपनीची सही लागत होती. त्याने ती केली आणि काम कुरळ्याच्या नावावर लावलं. महिन्यानंतर साहेबांनी पुन्हा 'बघू' म्हटलं नाही. ती बोर्डावर राहिली.

घरी परतली तेव्हा तिने आपली पलंगाची बाजू मात्र तीच ठेवली, खिडकीची. त्याने काही विचारलं नाही. आता तो तिच्या डाव्या अंगाला चालायला शिकला होता, खोलीत शिरताना दिव्याचं बटण उघडझाप करायला शिकला होता, बोलण्याआधी समोर यायला शिकला होता.

पण संशय घराबाहेर गेला असं मात्र झालं नाही. त्याने फक्त बाजू बदलली. कानाचं मशीन जवळचा आवाज देई, लांबचा गिळून टाकी. तिची बहीण आली आणि स्वयंपाकघरात तारमास्तरशी दोन शब्द बोलली, की बाहेरच्या खोलीतून बायकोची हाक येई, "काय बोलताय दोघं?" पूर्वी ती असं कधी विचारत नसे. आता तिला वाटे आपल्याबद्दलच चाललंय. त्यात तिची चूक काय होती? तिच्याबद्दल एकदा काय काय मनात आणलं गेलं होतं, हे तिने आपल्या कानांनी दोनदा ऐकलं होतं.

तो हातातलं काम टाकून बाहेर येई, समोर बसे, आणि जे बोलणं झालं ते शब्दन् शब्द सांगे. "ती म्हणाली, दूध उतू जातंय. मी म्हटलं, बंद कर. ती म्हणाली, लायटर कुठे ठेवलात. मी म्हटलं, खिडकीत."

"एवढंच?"

"एवढंच."

ती त्याच्याकडे बघत राही. मग बहिणीला हाक मारी आणि तिलाही विचारी, काय बोलत होतात म्हणून. बहीण कंटाळून सांगे, दूध उतू जात होतं, लायटर सापडत नव्हता. दोघांचं जुळलं की मगच ती समोरचा चहा पुढे ओढून घेई.